पेपर मशीनवर वाफेने पाणी काढताना: स्टीम बॉक्सची जागा, जोडणी आणि रोजचे काम

पेपर मशीनवर कागदातले पाणी तीन टप्प्यांत निघते. वायरवर, म्हणजे फिरत्या जाळीवर, ते निथळते, प्रेसमध्ये पिळले जाते आणि उरलेले ड्रायरवर उडवावे लागते. हेडबॉक्समधून (लगदा वायरवर सोडणाऱ्या पेटीतून) अर्धा टक्का कन्सिस्टन्सीचा, म्हणजे तेवढे तंतू असलेला, लगदा येत असेल तर एक किलो तंतूंबरोबर १९९ किलो पाणी असते. वायरच्या शेवटचा कौच रोल सोडताना शीटचा ड्रायनेस, म्हणजे वजनातला कोरडा भाग, २० टक्के असेल तर त्यातले ४ किलो उरते. प्रेसमधून ४२ टक्क्यांवर बाहेर पडताना १.३८ किलो उरते. म्हणजे जवळजवळ सगळे पाणी वायर आणि प्रेसनेच काढलेले असते, तरी मशीनची बहुतेक वाफ त्या शेवटच्या सव्वा-दीड किलोवरच खर्च होते, कारण ड्रायरवर एक किलो पाणी उडवायला साधारण १.२ ते १.५ किलो वाफ लागते.

स्टीम बॉक्स हा या हिशेबात मध्येच घुसणारा भाग आहे. ड्रायरच्या आधीच, वायरच्या शेवटी किंवा प्रेसजवळ, शीटवर कमी दाबाची वाफ सोडायची. तिने पाणी तापते, पातळ होते आणि पुढच्या निपमध्ये, म्हणजे दोन रोल एकमेकांवर दाबतात तिथे, जास्त निघते. हे ऐकायला सोपे वाटते. पण तीच वाफ चुकीच्या जागी सोडली तर जेवढी वाचते तेवढीच खर्च होते, कधी थोडी जास्तच. नव्या माणसाने बॉक्सची रचना शिकण्याआधी जागेचा हिशेब शिकावा, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

गरम पाणी लवकर का सुटते

पाण्याची चिकटता म्हणजे व्हिस्कॉसिटी तापमानाबरोबर झपाट्याने घटते. २० अंश सेल्सिअसला ती १.०० मिलिपास्कल-सेकंद असते, ४० अंशांना ०.६५, ६० अंशांना ०.४७ आणि ८० अंशांना ०.३५. म्हणजे ४० वरून ८० अंशांवर गेलो की पाण्याचा प्रवाहाला होणारा विरोध जवळपास निम्मा होतो. पृष्ठताणही कमी होतो, पण २० ते ८० अंशांत तो ७३ वरून ६३ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास उतरतो, एवढेच. तंतूही उष्णतेने मऊ पडतात, त्यामुळे निपमध्ये शीट जास्त दबते आणि सुटल्यावर कमी फुगते. खरे काम मात्र व्हिस्कॉसिटी करते.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. ज्या शीटमधून पाणी बाहेर यायलाच वेळ लागतो, म्हणजे जास्त जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम), कमी फ्रीनेस (लगद्यातून पाणी निथळण्याची सहजता), जास्त बीटिंग झालेला म्हणजे कुटलेला लगदा, तिथे वाफेचा फायदा मोठा. क्राफ्ट लायनर आणि बोर्ड ही त्याची नेहमीची उदाहरणे. हलक्या, मोकळ्या कागदात पाण्याला वाट आधीच मिळालेली असते आणि मर्यादा तंतू किती दाबता येतात याची असते. तिथे फायदा कमी.

कारखान्यांत चालणारा ढोबळ नियम असा: प्रेसमध्ये जाणाऱ्या शीटचे तापमान १० अंशांनी वाढले की प्रेसनंतरचा ड्रायनेस सुमारे १ पॉइंटने वाढतो. जड कागदात थोडा जास्त, हलक्यात थोडा कमी. आकडे मांडताना हाच नियम धरू.

वाफेआधी उरकायची कामे

व्हॅक्यूम गळका असेल, फेल्ट (प्रेसमधून शीट नेणारे कापड) घाणीने भरलेला असेल, निपचे लोड कमी ठेवलेले असेल, तर स्टीम बॉक्स त्या दुखण्यावर पांघरूण घालतो. म्हणून आधी या चार गोष्टी बघा.

१. फ्लॅट बॉक्स (वायरखालचे सक्शन बॉक्स), कौच आणि सक्शन प्रेस रोलचे व्हॅक्यूम त्या मशीनच्या नेहमीच्या आकड्यावर आहे का? गेजवर नुसता विसंबू नका, गेजची नळी लगद्याने तुंबलेली असू शकते. ती काढून, फुंकून परत लावा आणि मग वाचा.

२. फेल्ट कंडिशनिंग चालू आहे का? युले बॉक्सचे (फेल्टमधले पाणी ओढणाऱ्या सक्शन बॉक्सचे) व्हॅक्यूम, हाय-प्रेशर शॉवरची सरकणारी हालचाल, बंद पडलेले नोझल.

३. फेल्टवर मारले जाणारे शॉवरचे पाणी किती गरम आहे? हे बहुतेक ठिकाणी कुणी बघतच नाही. ७० अंशांची शीट ३० अंशांच्या ओल्या फेल्टला लागली की तिची उष्णता फेल्टमध्ये जाते. शॉवरचे पाणी ५० ते ६० अंशांवर आणले तर वाफेची किंमत न मोजता काही अंश पदरात पडतात. मशीनवर गरम पाणी वाया जात असेल तर हे काम स्टीम बॉक्सच्या आधी करा.

४. प्रेसच्या निपचा ठसा सरळ येतो का? कडेला हलका आणि मध्ये जड निप असेल तर ओलाव्याचे प्रोफाइल वाफेने सरळ करत बसावे लागते.

त्यानंतर आधाराचे आकडे लिहून ठेवा: कौचचा ड्रायनेस, प्रेसनंतरचा ड्रायनेस, दोन्हीकडचे शीटचे तापमान, रीलचा (शेवटी कागद गुंडाळतो तिथला) ओलावा, ड्रायरची टनामागे वाफ, स्पीड. ड्रायनेससाठी नमुना ब्रेकच्या (शीट तुटण्याच्या) वेळी किंवा मशीन थांबताना लगेच घ्या. शीटचे तुकडे झिप पिशवीत टाका, पिशवीसकट वजन करून पिशवीचे वजन वजा करा, मग तुकडे पिशवीतून काढून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. कोरडे वजन भागिले ओले वजन. दोन मिनिटे उघडी राहिलेली गरम शीट हवेत पाणी सोडते आणि ड्रायनेस फुगलेला दिसतो.

जागा ठरवताना

शीट तापवणे म्हणजे तिच्यातले सगळे पाणी तापवणे. शीटमध्ये जितके पाणी जास्त तितकी वाफ जास्त. एक टन तंतूंमागे शीट १० अंशांनी तापवायला किती वाफ लागते ते काढून बघू. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९ किलोज्यूल, तंतूंची सुमारे १.४, आणि वाफ घट्ट होऊन शीटच्या तापमानापर्यंत येताना किलोमागे सुमारे २३५० किलोज्यूल देते असे धरले आहे.

कौचजवळ, २० टक्के ड्रायनेसला: सुमारे ७७ किलो वाफ.
पहिल्या आणि दुसऱ्या निपच्या मध्ये, ३२ टक्क्यांना: सुमारे ४४ किलो.
शेवटच्या प्रेसच्या आधी, ३८ टक्क्यांना: सुमारे ३५ किलो.

आता बचत. प्रेसनंतरचा ड्रायनेस ४२ वरून ४३ झाला तर टनामागे ५५ किलो पाणी ड्रायरपर्यंत पोचतच नाही. ९५ टक्क्यांपर्यंत वाळवायचे धरले तर हे ड्रायरच्या कामाच्या सुमारे ४ टक्के होते. किलोमागे १.३ किलो वाफ धरली तर ७२ किलो वाफ वाचली.

वायरवर ७७ खर्चून ७२ वाचतात. शेवटच्या प्रेसआधी ३५ खर्चून ७२ वाचतात. हा फरक नीट लक्षात घ्या. वायरवरच्या बॉक्सला थोडी भर आणखी मिळते, कारण गरम शीट ड्रायरमध्ये शिरली की पहिल्या सिलिंडरांना तापवण्याचे काम कमी पडते. पण वाटेत फेल्ट, रोल आणि हवा उष्णता खातात, त्यामुळे ती भर पूर्ण हाती येत नाही.

मग वायरवर बॉक्स बसवूच नये का? तसे नाही. मशीन ड्रायरवर अडलेले असेल, म्हणजे ड्रायर पूर्ण दाबावर चालूनही स्पीड वाढत नसेल, तर ड्रायरचा ४ टक्के बोजा कमी होणे म्हणजे साधारण तेवढाच स्पीड वाढवायची मुभा मिळणे. तिथे वाफ वाचली नाही तरी उत्पादन वाढते. वायरवर जागा मोकळी असते, शीटला वायरचा आधार असतो, पहिल्या निपपासूनच सगळ्या प्रेसला गरम शीट मिळते. उद्देश उत्पादनाचा असेल तर वायर चालते. उद्देश फक्त वाफ वाचवण्याचा असेल तर प्रेसमधलीच जागा शोधा.

वायरवर बसवायचे ठरले तर बॉक्स ड्राय लाइनच्या पुढे, शेवटच्या फ्लॅट सक्शन बॉक्सवर हवा. ड्राय लाइनच्या आधी शीटवर पाण्याची चमकती पातळ फिल्म असते. तिथे वाफ आत शिरत नाही, वरचे पाणी तापवते आणि फॉर्मेशनही (तंतूंची सारखी पसरण) बिघडवू शकते.

कौचच्या खोल व्हॅक्यूमचाही विचार करा. ६० किलोपास्कल व्हॅक्यूममध्ये पाणी सुमारे ७७ अंशांना उकळते. वाफेने शीट ८५ अंशांवर नेली आणि लगेच तिला असल्या कौचवरून नेले तर वरचे अंश पाणी उकळून निघून जातात आणि पंपात पोचतात. तापमानाचे लक्ष्य पुढच्या व्हॅक्यूमला शोभेल असेच ठेवा.

प्रेसमध्ये सगळ्यात चांगली जागा सक्शन रोलची. शीट फेल्टवर, फेल्ट सक्शन रोलवर, आणि बॉक्स रोलच्या गोलाईप्रमाणे वाकवलेला. मधल्या गुळगुळीत रोलवर, जिथे शीटखाली व्हॅक्यूम नसते, तिथे बॉक्स बसवला तर वाफ वरचा थरच तापवते.

व्हॅक्यूम नसेल तर वाफ आत जात नाही

याचे गणित छोटे आहे. मशीन मिनिटाला ६०० मीटर चालते आणि बॉक्स ६०० मिलिमीटर लांब आहे, तर शीटचा कुठलाही भाग वाफेखाली ०.०६ सेकंद असतो. एवढ्या वेळात नुसत्या वहनाने उष्णता ओल्या शीटमध्ये सुमारे ०.१ मिलिमीटर खोल जाते. १०० जीएसएमची शीट २० टक्के ड्रायनेसला पाऊण नाही तरी जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असते. म्हणजे व्हॅक्यूमशिवाय वरचा पाचवा हिस्सा तापला, बाकी थंड.

व्हॅक्यूम दोन कामे करते: वाफ शीटच्या पोकळ्यांतून खाली ओढते, आणि शीटबरोबर धावत येणारी हवेची फिल्मही खेचून घेते. ही हवा फार त्रास देते. वाफेत निम्मी हवा मिसळली तर ती वाफ १०० ऐवजी सुमारे ८१ अंशांना घट्ट व्हायला लागते, शीट त्याच्यावर जाऊच शकत नाही. म्हणून बॉक्सची पुढची कड शीटच्या जवळ आणि सरळ असावी लागते.

उलटी टोकाची चूकही होते. मोकळ्या शीटवर जास्त व्हॅक्यूम लावले की वाफ शीट ओलांडून थेट व्हॅक्यूम पंपाकडे जाते. पंपाच्या सील वॉटरचे तापमान चढायला लागते आणि व्हॅक्यूम उतरते. बॉक्स चालू केल्यावर सील वॉटरचे तापमान आधीच्यापेक्षा स्पष्ट वाढलेले दिसले तर वाफ कमी करा किंवा त्या खणाचे व्हॅक्यूम कमी करा.

वाफेची लाइन

स्टीम बॉक्सला कमी दाबाची, कोरडी, स्वच्छ वाफ लागते. कंट्रोल व्हॉल्व्हआधी साधारण १ ते ३ बार गेज पुरते, बॉक्सच्या आत तर वातावरणाच्या दाबापेक्षा किंचितच जास्त दाब असतो.

कोरडेपणाबद्दल एक उपयोगी गोष्ट: ३ बार गेजची कोरडी संतृप्त वाफ व्हॉल्व्हमधून वातावरणाच्या दाबावर आली की ती आपोआप सुमारे ३० अंश सुपरहीट होते, म्हणजे त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा तेवढी जास्त गरम. लाइनमध्ये दोन टक्के पाणी आले तरी यातली बरीच सुपरहीट ते पाणी उडवण्यातच संपते. म्हणून लाइन नीट निथळत असेल तर थेंबांचा त्रास जवळपास होतच नाही. लाइन ओली असेल तर कितीही महागडा बॉक्स थेंब गाळणारच. दुसरीकडे, खूप सुपरहीट वाफ शीटवर आली की ती आधी थंड व्हावी लागते, मग घट्ट होते, आणि त्यात वेळ जातो. टर्बाइनकडून येणारी वाफ फार सुपरहीट असेल तर डीसुपरहीटर लावा. लाइनमध्ये संतृप्त तापमानापेक्षा ५ ते १५ अंश वर, हे धोरण ठेवा.

मेन हेडरपासून बॉक्सपर्यंत क्रम असा असावा: हेडरच्या वरच्या बाजूने घेतलेला टॅप, आयसोलेशन व्हॉल्व्ह, मॉइश्चर सेपरेटर आणि त्याचा ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा), बारीक जाळीचा स्ट्रेनर, फ्लोमीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह, झटपट बंद होणारा ऑन-ऑफ व्हॉल्व्ह, आणि शेवटी बॉक्सकडे जाणारा लवचिक होज. टॅप हेडरच्या खालून घेतला तर कंडेन्सेट सरळ बॉक्समध्ये येते. ही चूक नव्या जोडणीत अजूनही बघायला मिळते. पाइपला वाफेच्या दिशेने उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी ड्रेन ठेवा, इन्सुलेशन फ्लँजवरही करा.

बसवताना

बॉक्स आणि शीट यांच्यातले अंतर साधारण १२ ते २५ मिलिमीटर. हे पुढच्या आणि ड्राइव्ह बाजूला सारखे हवे. जाडीचे फीलर किंवा लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, आणि बॉक्स गरम असताना परत मोजा. लांब बॉक्स तापल्यावर वाकतो. थंड असताना बरोबर आलेले माप गरम झाल्यावर मध्ये चार-पाच मिलिमीटरने चुकलेले असू शकते.

बॉक्स उचलण्याची सोय हवीच. ब्रेक झाला, लगद्याचा गोळा आला, तर बॉक्स वेगाने मागे सरकला पाहिजे. त्याच इशाऱ्यावर वाफ बंद व्हायला हवी. वायर पॉलिएस्टरची असते, आणि गरम ओल्या वाफेने पॉलिएस्टरचे धागे हळूहळू कमकुवत होतात. शीट नसलेल्या वायरवर वाफ पडत राहिली तर वायरचे आयुष्य घटते. प्रेस रोलच्या रबर किंवा पॉलियुरेथेन आवरणालाही तापमानाची मर्यादा असते. ती रोलच्या कागदपत्रांत बघा आणि अलार्म त्याच्या खाली लावा.

इंटरलॉक निदान एवढे ठेवा: शीट ब्रेक, वायर किंवा फेल्ट थांबणे, त्या खणाचे व्हॅक्यूम पडणे, बॉक्स वर उचललेला असणे. यातले काहीही झाले की वाफ बंद.

पहिल्यांदा सुरू करताना

बॉक्स वर उचललेल्या स्थितीत, ड्रेन पूर्ण उघडे ठेवून, थोडीशी वाफ सोडा. लाइन आणि बॉक्स तापायला वीस ते तीस मिनिटे द्या. घाई केली तर थंड पाइपमध्ये साचलेले पाणी वाफेबरोबर धावते आणि वॉटर हॅमर होतो. त्याचा धक्का फ्लँज फोडू शकतो. ड्रेनमधून आधी पाणी, मग पाणी-वाफ, मग कोरडी वाफ येते. कोरडी वाफ आली की ट्रॅपकडे वळवा. बॉक्सचा खालचा पत्रा पूर्ण कोरडा दिसेपर्यंत तो शीटवर आणू नका.

मशीन स्थिर चालत असताना, म्हणजे जीएसएम, स्पीड आणि रील ओलावा निदान अर्धा तास न हलता राहिल्यावर, बॉक्स खाली आणा आणि वाफ किमान प्रवाहावर उघडा. मग दर वेळी ५ ते १० टक्के वाढवा आणि दोन वाढींमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबा. या वेळात ड्रायरची वाफ आपोआप कमी व्हायला लागेल. ड्रायरचे कंट्रोल हाताने चालत असेल तर रीलवर कागद जास्त वाळेल, ठिसूळ होईल आणि तुटेल. स्टीम बॉक्स वाढवणारा आणि ड्रायर बघणारा यांनी एकमेकांशी बोलत राहायला हवे.

किती वाफ पुरे? बॉक्सच्या कडांकडे बघा. कडेतून पांढरी वाफ फुटून बाहेर येत असेल तर शीटला झेपते त्याहून जास्त वाफ चालली आहे. कडेला जेमतेम एखादी पुसट रेघ दिसते, बाकी सगळी खाली खेचली जाते, ती योग्य स्थिती. तासाला १० टन तंतूंच्या मशीनवर ३८ टक्क्यांच्या जागी शीट २० अंशांनी तापवायची तर हिशेबाने ७०० किलो वाफ लागते. १० ते २० टक्के नासाडी धरून मीटरवर ८०० ते ८५० किलो दिसावी. मीटर १२०० दाखवत असेल आणि तापमान तेवढेच वाढले असेल तर वाफ हॉलमध्ये किंवा पंपात जाते आहे.

तापमान इन्फ्रारेड गनने मोजा, एमिसिव्हिटी ०.९५. बॉक्सच्या अगदी तोंडाशी मोजू नका, मध्ये वाफेचे धुके असेल तर गन धुक्याचे तापमान दाखवते. थोडे पुढे, हवा स्वच्छ असेल तिथे, प्रत्येक वेळी त्याच जागी आणि त्याच अंतरावरून मोजा. आणि शीटची खालची बाजू जिथे उघडी पडते तिथे तीही मोजा. वर ८२ आणि खाली ६० दिसले तर वाफ आत शिरत नाही. वाफ वाढवून हे सुटत नाही, व्हॅक्यूम किंवा बॉक्सचे अंतर तपासा.

प्रोफाइल सरळ करणे

साधा बॉक्स संपूर्ण रुंदीला सारखी वाफ देतो. प्रोफाइलिंग बॉक्समध्ये आडव्या दिशेने ७५ ते १५० मिलिमीटरचे झोन असतात आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. रीलजवळचा स्कॅनर ओलावा मोजतो आणि कंट्रोल सिस्टीम ओल्या पट्ट्यावरचा झोन उघडते. नव्या माणसाचा इथे उलटा गोंधळ होतो: वाफ म्हणजे पाणी, तेव्हा जास्त वाफेने कागद ओला होईल असे वाटते. शीटवर थोडे पाणी चढते हे खरे, पण प्रेस त्याहून जास्त पाणी काढते. जास्त वाफ म्हणजे रीलवर कोरडा पट्टा.

झोन आणि स्कॅनरची जोडी बरोबर जुळली आहे का, हे बंप टेस्टने बघतात. ऑटो बंद करा. मधला एक झोन १० टक्क्यांनी उघडा. स्कॅनरच्या निदान आठ-दहा फेऱ्या होऊ द्या, एकाच फेरीवर निर्णय घेऊ नका. ओलावा कुठे उतरला तो डेटाबॉक्स (स्कॅनरचा मोजणीचा पट्टा) लिहून ठेवा. मग झोन पूर्ववत करा आणि हेच दोन्ही कडांजवळच्या झोनला करा. कागद ड्रायरवर आक्रसतो, आणि कडेला जास्त आक्रसतो, त्यामुळे कडेचा झोन स्कॅनरवर आतल्या बाजूला सरकलेला दिसतो. जोडी चुकली तर सिस्टीम ओल्या पट्ट्याच्या शेजारचा झोन उघडत राहते, आणि काही तासांत झोनची आकृती करवतीच्या दातांसारखी होते: एक १०० टक्के, शेजारचा शून्य, पुढचा पुन्हा १००. ही आकृती दिसली की ऑटो काढा आणि मॅपिंग परत करा.

सगळ्या झोनची सरासरी ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, म्हणजे दोन्ही दिशांना हात राहतो. सरासरी ९० वर गेली तर प्रोफाइलिंग संपले, उरला फक्त हीटर. प्रोफाइल सरळ झाल्याचा खरा नफा पुढे मिळतो. ओल्या पट्ट्याच्या भीतीने सगळी शीट ५ टक्क्यांपर्यंत वाळवावी लागत असेल तर पट्टा गेल्यावर लक्ष्य एखाद्या टक्क्याने वर घेता येते.

काय बिघडते आणि का

थेंबांचे डाग किंवा भोके. आधी डाग आडव्या दिशेने कुठे येतात ते बघा. नेहमी एकाच जागी येत असतील तर दोष बॉक्समध्ये आहे: त्या झोनचा ड्रेन तुंबला, आतला पत्रा थंड राहतो, किंवा स्ट्रेनर फाटला. जागा बदलत असतील तर पाणी वरून पडते. बाहेर सुटलेली वाफ थंड बीमवर, वॉकवेखाली, हूडच्या कडेला साचते आणि गळते. तेव्हा बॉक्स उघडून उपयोग नाही, वाफ कमी करा आणि हवा खेचण्याची सोय बघा.

अरुंद ओला पट्टा. खालच्या पत्र्याची भोके बुजली आहेत. तंतू, पिच (लाकडातली चिकट राळ), आणि बॉयलरमधून वाफेबरोबर उडून येणारे क्षार ही तीन कारणे. भोकांत पांढरी कडक खपली दिसली तर बॉयलर हाऊसशी बोला, पत्रा घासून प्रश्न आठवड्यापुरताच सुटतो.

शीट मधल्या रोलला चिकटणे. गरम शीट जास्त दबते आणि गुळगुळीत रोलला घट्ट बसते. रोलवरून सुटण्याची जागा पुढे सरकते, ड्रॉ (शीटवरची ओढ) वाढतो, ब्रेक होतात. डॉक्टर ब्लेड (रोल खरवडणारे पाते) आणि रोलचा पृष्ठभाग तपासा, नाहीतर तापमान ५ अंश उतरवून बघा.

क्रश. गरम पाणी जास्त सुटते म्हणून पहिल्या निपमध्ये पाण्याचा लोंढा वाढतो. फेल्ट जुना असेल तर तो ते पाणी पेलू शकत नाही आणि शीट फुटते. आधी फेल्ट, मग निपचे लोड.

बल्क कमी होणे. बोर्डमध्ये हे महत्त्वाचे. ड्रायनेस वाढला तरी जाडी गेली तर ग्राहकाला चालत नाही. वाफ वाढवतानाच निपचे लोड थोडे उतरवा आणि दोन्हींचा मेळ घाला.

सायझिंग ढिले पडणे. सायझिंग म्हणजे कागदाने पाणी शोषू नये म्हणून केलेली प्रक्रिया. वायरवरच्या बॉक्समधली उष्णता व्हाइट वॉटरमध्ये (वायरमधून निथळलेल्या पाण्यात) मिसळते. सिस्टीम तापली की रोझिन-अॅलम सायझिंगला त्रास होतो आणि एएसए हे सायझिंगचे रसायन लवकर विघटित होते. कॉब (कागद किती पाणी शोषतो त्याचे माप) चढायला लागला तर व्हाइट वॉटरचे तापमान आधी बघा.

कामगार भाजणे. उघड्यावर सुटलेली कमी दाबाची वाफ दिसत नाही, धुके पुढे गेल्यावर दिसते. बॉक्सजवळ हात घालण्याआधी वाफ आयसोलेट करून कुलूप लावलेले असावे, लाइनचा दाब ड्रेनमधून उतरवलेला असावा, आणि बॉक्स यांत्रिक खिळीने वर अडकवलेला असावा. हवेच्या सिलिंडरवर भरवसा ठेवून त्याखाली जाऊ नये.

फायदा झाला का, हे तपासणे

त्याच कागदावर, त्याच जीएसएमवर, स्थिर चालीत, बॉक्स चालू आणि बंद असे आळीपाळीने बघा. प्रत्येक स्थितीत निदान एक तास द्या, आणि एकदाच नाही, दोन-तीन वेळा फिरवा. बंद करताना वाफ हळूहळू उतरवा, नाहीतर ड्रायर सावरायच्या आत ओली शीट रीलवर जाते. दर वेळी एकूण वाफ लिहा: ड्रायरची अधिक स्टीम बॉक्सची, टनामागे. फक्त ड्रायरची वाफ बघून बचत जाहीर करण्याची सवय घातक आहे, कारण बॉक्सची वाफही त्याच बॉयलरमधून येते. स्पीड वाढवून फायदा घेतला असेल तर तासाला टन आणि टनामागे एकूण वाफ हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

शटडाउनमध्ये बॉक्सला वेळ द्या. खालचा पत्रा धुवा, भोके टॉर्च लावून बघा, ड्रेन पाण्याने तपासा, प्रत्येक झोनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून-मिटून त्याची खरी स्थिती स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघा, होजच्या वळणावर चिरा पडल्या आहेत का ते हात फिरवून बघा, स्ट्रेनर काढा, सेपरेटरचा ट्रॅप उघडा. अंतर परत मोजा आणि मापाची नोंद बॉक्सवरच पत्र्याच्या पाटीवर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी रोल बदलल्यावर फिटरला ते शोधावे लागणार नाही.